सुजलेला डोळा आणि रात्रीची सेवा : सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका नेत्र रुग्णालयाचे परीक्षण

पापणी सुजून डोळा मिटला की पहिला प्रश्न एकच: जंतुसंसर्ग पापणीपुरताच आहे की डोळा बसतो त्या हाडाच्या खोबणीत शिरलाय? या दोन जागांमध्ये ऑर्बिटल सेप्टम नावाचा पातळ पडदा असतो. पडद्यापुढची सूज बहुधा गोळ्यांनी उतरते; मागची नजर घालवू शकते, मेंदूपर्यंत जाऊ शकते. या रुग्णालयाची तातडीची सेवा आम्ही याच प्रश्नावर तपासली.

डॉक्टरांचे काम चोख आहे. सूज कितीही असो, पापणी रिट्रॅक्टरने उचलून डोळा पाहिल्याशिवाय ते निदान लिहीत नाहीत. दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी घेतात, डोळा चारी दिशांना फिरवायला लावतात, टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत बाहुल्या बघतात. मग बाटलीचे लाल टोपण दाखवतात. दुखऱ्या डोळ्याला तो लाल रंग फिका दिसला, तर दृष्टीच्या नसेवर ताण आल्याची शंका घ्यावी लागते. डोळा पुढे आलेला, फिरवताना दुखतोय किंवा एकाचे दोन दिसताहेत, यातले काहीही आढळले की थेट दाखल करतात आणि शिरेतून सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन, व्हँकोमायसिन ही प्रतिजैविके सुरू होतात.

दाखल रुग्णाची हीच तपासणी दर 4 तासांनी, रात्रीसुद्धा होते आणि वेळेसकट केसपेपरवर चढते. झोपलेल्या पोराला उठवतात म्हणून नातेवाईक कुरकुरतात. उठवायलाच हवे. खोबणीत जागा जेमतेम 30 मिलिलिटर आणि भोवती हाड. पू साठला की दाब नसेवर जातो आणि नजर काही तासांत जाऊ शकते. केवळ या नोंदींसाठी आम्ही सेवेला पैकीच्या पैकी गुण देऊ.

खरी अडचण सीटी स्कॅनची. मशीन इथे नाही, बाहेरच्या केंद्रात जावे लागते. रात्रपाळीच्या चिठ्ठीवर नुसते ‘सीटी ब्रेन’ लिहिलेले असते, त्यात खोबणीतला गळू निसटू शकतो. चिठ्ठीवर ‘ऑर्बिट आणि सायनस, कॉन्ट्रास्टसह, पातळ काप, आडवे आणि कोरोनल’ असे हवे; म्हणजे खोबण आणि नाकाभोवतीच्या हवेच्या पोकळ्या, शिरेतून रंगद्रव्य देऊन, आडव्या आणि समोरून उभ्या कापांत. मेंदूत पसरल्याची शंका असेल तर ब्रेन त्याच्या जोडीला. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा, रिपोर्ट सोबत नसेल तर केंद्रावर खोळंबा होतो. रक्त दाखल करतानाच काढले तर तो वेळ वाचेल.

नाक-कान-घसा तज्ज्ञ बोलावल्यावर येतात, बहुधा सकाळी. मुलांच्या बाबतीत हे खटकते. त्यांच्यात संसर्ग बहुतेक वेळा सर्दीतून, नाकालगतच्या एथमॉइड सायनसमधून येतो. सायनस आणि खोबण यांच्यामध्ये कागदासारखे पातळ हाड असते. लहान मुलातला छोटा गळू कधी कधी औषधांनीच विरतो, पण नजर उतरू लागली किंवा 24 ते 48 तासांत फरक पडला नाही, तर पू काढावा लागतो. तो निर्णय दोन्ही तज्ज्ञांनी मिळून घ्यायचा असतो.

मधुमेहींची साखर दारातच मोजतात आणि नाकात काळी खपली आहे का तेही पाहतात. 2021 च्या म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेनंतर हे सगळीकडे व्हायला हवे होते. दुसराही डोळा सुजू लागला, डोळा बाहेरच्या बाजूला वळेना, ताप आणि गुंगी वाढली, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनसमध्ये (ही नाकाची नव्हे, रक्ताची पोकळी) गुठळी झाल्याचा संशय धरून वेळ न घालवता मिरजेला अतिदक्षता विभागात पाठवतात.

काउंटर मात्र सुधारायला हवा. चष्म्याचा नंबर काढायला आलेले आणि सुजलेला डोळा घेऊन आलेले एकाच रांगेत बसतात. जत-आटपाडीहून निघालेल्यांनी रांगेत थांबू नये. खिडकीवर ‘डोळा पुढे आलाय, ताप आहे, दोन दिसताहेत’ असे लक्षण सांगावे. आधी घातलेल्या थेंबांची बाटली आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे, कारण स्टिरॉइडचे थेंब पडले असतील तर लाली कमी दिसून डॉक्टरही फसू शकतात.