फेटची दोन सिम्युलेशन्स: अकरावीच्या अणुरचना आणि बॉन्डिंगसाठी किती कामाची?

कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट (PhET) हा विज्ञानाच्या सिम्युलेशन्सचा प्रकल्प नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्याची सिम्युलेशन्स फुकट आहेत आणि मोबाइलच्या ब्राउझरवरही चालतात. परीक्षेच्या तयारीसाठी त्यातली दोन पाहावीत: रेणूंचे आकार दाखवणारं ‘मॉलिक्यूल शेप्स’ आणि अणू जोडायला लावणारं ‘बिल्ड अॅन अॅटम’. पहिलं अप्रतिम आहे. दुसऱ्याला अर्धा तास पुरे.

‘मॉलिक्यूल शेप्स’ उघडताना नाव नीट वाचा. त्याची ‘बेसिक्स’ नावाची धाकटी आवृत्तीही आहे, पण तिच्यात लोन पेअर (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) नाहीत. अकरावीच्या प्रश्नांची सगळी मेख लोन पेअरमध्येच असते, त्यामुळे ती उपयोगाची नाही.

मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनच्या किती जोड्या आहेत, याचा आधी कागदावर हिशोब करा. त्या अणूचे व्हॅलन्स (सर्वांत बाहेरच्या कवचातले) इलेक्ट्रॉन घ्या, त्यात एकच बंध करणाऱ्या अणूंची संख्या मिळवा, आयन असेल तर ऋण प्रभार मिळवा किंवा धन प्रभार वजा करा, आणि दोनने भागा. सल्फर टेट्राफ्लुओराइडसाठी (६ + ४) ÷ २ = ५. म्हणजे पाच जोड्या. चार बंध आणि एक लोन पेअर. आता स्क्रीनवर चार सिंगल बॉन्ड आणि एक लोन पेअर ठेवा, पण नावं आणि कोन दाखवणाऱ्या चौकटी बंद असू द्या. आकार वहीत काढून झाल्यावरच टिक करा. आधीच टिक केली तर नुसतं बघणं होतं, पेपरात काहीच आठवत नाही.

इथे रेणू बोटाने फिरवता येतो, आणि याच ठिकाणी हे साधन पुस्तकाच्या पुढे जातं. लोन पेअर अक्षावर बसली असती तर तिच्यापासून ९०° वर तीन बॉन्ड पेअर (बंधातल्या जोड्या) आल्या असत्या. अक्षाभोवतीच्या मधल्या पट्ट्यात बसली की दोनच येतात. जोड्यांमधलं रिपल्शन (एकमेकींना दूर ढकलणं) कमी, म्हणून आकार सी-सॉ. क्लोरीन ट्रायफ्लुओराइडमध्ये दोन लोन पेअर त्याच पट्ट्यात जातात आणि ‘टी’ उरतो, झेनॉन डायफ्लुओराइडमध्ये तिन्ही जातात आणि रेणू सरळ रेषेत येतो. ही तीन उदाहरणं ओळीने फिरवून पाहिली की पाठांतराची गरजच राहत नाही.

डबल बॉन्ड म्हणजे दोन जोड्या धरायच्या, ही चूक फार जण करतात आणि कार्बन डायऑक्साइडला चार जोड्यांचा टेट्राहेड्रल (चौफलकी) ठरवतात. सिंगल बॉन्ड काढून तिथे डबल लावून पाहा: कोन १८०° चाच राहतो.

एक मोठी त्रुटी मात्र लक्षात ठेवायलाच हवी. ‘मॉडेल’ स्क्रीनवरचे कोन आदर्श असतात. दोन बंध आणि दोन लोन पेअर ठेवल्या तर १०९.५° दिसतो, पाण्याचा खरा कोन १०४.५° आहे. तो पाहायला ‘रिअल मॉलिक्यूल्स’ स्क्रीनवर जा आणि तिथली ‘रिअल’ व ‘मॉडेल’ ही बटणं आलटून पालटून दाबा. लोन पेअर बंधांना किती दाबते ते तिथे थेट कळतं. वहीत मात्र खरा आकडाच लिहा.

‘बिल्ड अॅन अॅटम’ निऑनपर्यंतच जातं. अणुक्रमांक, वस्तुमानांक आणि प्रभार यांचा सराव चांगला होतो: ८ प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन, १० इलेक्ट्रॉन ठेवले की ऑक्साइड आयन, प्रभार −२. पण त्यातलं ‘स्टेबल’ हे लेबल अणुकेंद्राबद्दल आहे, अष्टकाबद्दल (बाहेरच्या कवचातल्या आठ इलेक्ट्रॉनबद्दल) नाही. ४ प्रोटॉन आणि ४ न्यूट्रॉन ठेवा, इलेक्ट्रॉन कितीही बदला, लेबल ‘अनस्टेबल’च राहील, कारण बेरिलियम-८ चं केंद्रच टिकत नाही. सोडियम, क्लोरीन इथे बनवताच येत नाहीत.

क्वांटम नंबर, हायब्रिडायझेशन, मॉलिक्युलर ऑर्बिटल यांतलं काहीच या दोन्हींत नाही. क्रोमियमची मांडणी (३डी मध्ये ५, ४एस मध्ये १), कॉपरची (३डी मध्ये १०, ४एस मध्ये १) आणि ऑक्सिजनच्या अँटिबॉन्डिंग ऑर्बिटलमधले दोन एकटे इलेक्ट्रॉन, ज्यांमुळे तो पॅरामॅग्नेटिक (चुंबकाकडे ओढला जाणारा) ठरतो, हे सगळं हाताने लिहूनच पक्कं करावं लागेल.