६ डॅशर, हजार यार्डांवर: नऊ महिने आणि सुमारे ११०० फैरींनंतर

एफ-क्लास म्हणजे रायफल आधारावर टेकवून लांब अंतरावर नेम मारायची स्पर्धा. तिच्या एफ-टीआर गटात काडतूस .२२३ किंवा .३०८, एवढ्यावर प्रश्न मिटतो. एफ-ओपन गटात ८ मिमीपर्यंत कुठलंही कॅलिबर (गोळीचा व्यास) चालतं आणि तिथेच डोकं फिरतं. मी दोन महिने ६.५-२८४ आणि ६ डॅशर या दोन काडतुसांत अडकले होते. शेवटी डॅशरचं चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा) करून घेतलं: १:८ ट्विस्टची, म्हणजे आठ इंचांत एक पीळ असलेली नळी, १०५ ग्रेन वजनाची गोळी, वेग सेकंदाला साधारण २९०० फूट.

डॅशर म्हणजे मुळात ६ मिमी बीआर नॉर्मा. केसचा, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचा, खांदा पुढे सरकवून ४० अंशांचा केलेला, त्यामुळे पावडरला थोडी जास्त जागा मिळते. एवढंच.

विरोधात सगळे एकच सांगत होते: वारा. ॲपमध्ये आकडे टाकले तर ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात हजार यार्डांवर डॅशरची गोळी ६.५-२८४ च्या १४० ग्रेनच्या गोळीपेक्षा दहा-बारा इंच जास्त वाहते. घाबरायला पुरेसा आकडा आहे, मीही घाबरले. पण हे दहा इंच आपण स्कोपवर काढतोच की! गुण जातात ते वारा वाचण्यातल्या चुकीमुळे. माझा अंदाज २ मैलांनी चुकला तर दोन काडतुसांतला फरक उरतो दोनेक इंचांचा. टार्गेटची सगळ्यात आतली एक्स रिंग ५ इंचांची आणि दहाची रिंग १० इंचांची, म्हणून हे दोन इंच क्षुल्लक नाहीत. तरी ते दहाही नाहीत.

बदल्यात मिळालं काय? धक्का इतका कमी की गोळी सुटल्यावर स्कोपमध्ये टार्गेट दिसत राहतं. रायफल रेस्टवर सरळ मागे येते, सरळ पुढे जाते. वीस फैरींच्या डावात सतरावी फैरही पहिल्यासारखीच सोडता येते. मोठ्या काडतुसावर माझा खांदा बाराव्या फैरीपासून आधीच आखडायचा. वेगही आश्चर्यकारक एकसारखा राहतो. हजार यार्डांवर १० फुटांचा वेगफरक म्हणजे उंचीत दोन-अडीच इंच, आणि माझे बहुतेक गट उंचीत त्याच्या आतबाहेर बसतात.

आता त्रास. तयार केस मिळतात, पण मी बीआरच्या केस घेऊन फायर-फॉर्मिंग केलं, म्हणजे त्या चेंबरमध्ये उडवून डॅशरच्या आकाराच्या केल्या. दोनशे केस, म्हणजे दोनशे फैरी नळीच्या आयुष्यातून गेल्या. पुन्हा करणार नाही. दुसरं दुखणं डायचं, म्हणजे वापरलेली केस आवळून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याचं. बाजारात तयार मिळालेली डाय माझ्या चेंबरशी जुळत नव्हती. केसचा तळाकडचा भाग पुरेसा आवळला जात नव्हता. तिसऱ्या-चौथ्या वापरानंतर बोल्ट उचलताना वरच्या टोकाला ‘टक्’ असा अडखळायला लागला. मी आधी लोडचा (भरलेल्या पावडरीचा) दाब जास्त समजून पावडर कमी केली, वेग गेला, अडखळणं तसंच. दीड महिना फुकट गेला. चेंबरमधून उडवलेल्या तीन केस पाठवून त्यांच्या मापाने डाय करून घेतली, तेव्हा ते थांबलं. चेंबर करून घेतानाच रीमरचं (चेंबर कोरणाऱ्या हत्याराचं) रेखाचित्र मागून ठेवा, डाय त्यावरूनच सांगा.

लोडसाठी दुसऱ्याचे आकडे उचलू नका. वाइल्डकॅटमध्ये, म्हणजे अशा फेरफार करून बनवलेल्या काडतुसात, प्रत्येक चेंबर वेगळं असतं. कमी पावडरीपासून सुरुवात करून क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) आणि केसवरच्या खुणा बघतच वर जायचं.

६.५-२८४ घेणारे चुकतात असं मी म्हणणार नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात ते पुढे राहतात, हे मी स्कोरकार्डवर पाहिलंय. मात्र त्यांच्या नळ्या साधारण हजार फैरींत थकतात आणि माझी अजून नव्यासारखी मारते. पुढची नळी त्याच रीमरने करायला सांगितली आहे, म्हणजे या केस आणि ही डाय दोन्ही तिथे चालतील.