देशी म्हणून विकलेलं हळदीकुंकू

गेल्या मार्चमध्ये ह्यूस्टनजवळच्या एका नर्सरीतून मी सहा रोपं घेतली, ९ डॉलरला एक. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बटरफ्लाय वीड, टेक्सासचं देशी'. मी दोनदा विचारलं, हे नक्की इथलंच ना? विकणाऱ्या बाई म्हणाल्या, शंभर टक्के. मेक्सिकोहून परतणाऱ्या मोनार्क फुलपाखरांच्या माद्या वसंतात टेक्सासात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या मिल्कवीड गटातल्या झाडांशिवाय (बटरफ्लाय वीड त्यातलंच एक) काही खात नाहीत, म्हणून एवढी चौकशी.

मे महिन्यात फुलं आली. पाकळ्या लालभडक, मधे पिवळं. बटरफ्लाय वीड सहसा सगळं नारिंगी असतं. व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून आईने पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलं हळदीकुंकू!" तेच होतं. हेही मिल्कवीडच, पण टेक्सासचं नव्हे; अमेरिका खंडांच्या उष्ण कटिबंधातलं, आपल्याकडेही बाहेरूनच येऊन रुजलेलं. नर्सरीत तक्रार केली, तर "अळ्या खातात ना? मग झालं!" पैसे परत मिळाले नाहीत.

अळ्या खात होत्या, म्हणून मी रोपं राहू दिली. ते करायला नको होतं. टेक्सासची मूळची मिल्कवीडं हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळतात. हे जानेवारीतही हिरवंगार. काही मोनार्क दक्षिणेला न जाता माझ्याच अंगणात अंडी घालत राहिले. अशा न वाळणाऱ्या पानांवर ओई नावाच्या परजीवीचे बीजाणू साठत जातात आणि अळी पानाबरोबर तेही खाते. फेब्रुवारीत कोषातून निघालेल्या चार फुलपाखरांचे पंख चुरगळलेलेच राहिले. एक मादी दिवसभर कुंडीच्या काठावर चढत होती आणि पडत होती. बघवत नव्हतं.

रोप घेताना शास्त्रीय नाव लिहून मागा. 'क्युरासाविका' (म्हणजे हळदीकुंकू) असेल तर घेऊ नका. 'ट्युबरोसा' (खरं बटरफ्लाय वीड) म्हणून देत असतील तर एक पान तोडून बघा: ट्युबरोसाला पांढरा चीक येत नाही, हळदीकुंकवाला लगेच येतो. कीटकनाशक मारलंय का, हेही विचारा; रोपात मुरलेल्या औषधाने अळ्या मरतात. हळदीकुंकू आधीच लावलं असेल आणि काढवत नसेल, तर निदान ऑक्टोबरमध्ये बुडापासून छाटा.

मी सहाही उपटली. आता फ्रिजमध्ये ओल्या वाळूत 'विरिडिस' या इथल्या मिल्कवीडचं बी ठेवलंय, कारण रुजण्याआधी त्याला थंडी लागते. परवा त्या नर्सरीवरून गेले. तीच चिठ्ठी लावलेली रोपं यंदाही बाहेर मांडली आहेत.