टर्नवरच्या माणसाचा डबा: भुसावळच्या काकूंची मेस

भुसावळला डबा देणाऱ्यांची वानवा नाही. पण बहुतेकांचा हिशेब ठरलेल्या वेळेच्या माणसावर चालतो. सकाळी दहाला डबा, संध्याकाळी सातला डबा, एक तारखेला पैसे. रेल्वेच्या रनिंग स्टाफमध्ये (गाडीवर ड्युटी करणाऱ्यांत) ज्यांच्या ड्युटीला वेळच ठरलेली नाही, त्यांच्या हे काही कामाचं नाही. रेल्वे कॉलनीमागच्या गल्लीत, पाटी नसलेली, नुसती 'काकूंची मेस' म्हणून ओळखली जाणारी खानावळ मात्र याच लोकांना धरून चालते. टर्नवाल्यांसाठी, म्हणजे पाळी येईल तशी ड्युटी लागणाऱ्यांसाठी, ती ५ पैकी साडेचार गुणांची आहे; लिंकवाल्यांसाठी, म्हणजे ठरल्या वेळापत्रकावर चालणाऱ्यांसाठी, फार तर ३. दोन आकडे वेगळे का, ते कळायला आधी ड्युटी कशी लागते ते समजून घ्यावं लागेल.

मेल-एक्स्प्रेसच्या लोको पायलटला (इंजिन चालकाला) लिंक असते. कोणत्या वारी कोणती गाडी, साइन-ऑन (ड्युटीवर हजेरी) किती वाजता, परतीची गाडी कोणती, साप्ताहिक विश्रांती कधी, सगळं चार्टवर. तिथवर पोचायला असिस्टंट, शंटर (यार्डात इंजिन हलवणारा), गुड्स (मालगाडी), पॅसेंजर अशा पायऱ्या आहेत आणि दर पायरीला ज्येष्ठता यादी उघडते. मालगाडीला लिंक नाही, तिथे टर्न. जो आधी येऊन विश्रांती पूर्ण करतो तो आधी निघतो. शिवाय रनिंगच्या पदांमध्ये ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवरच्यांच्या जागी लावायची राखीव माणसं, धरलेलं असतं. लिंकमधला कोणी रजेवर गेला की ती गाडी या राखीव माणसांपैकी कोणाच्या तरी अंगावर येते. दुसऱ्या विभागातून स्वतःच्या विनंतीवर भुसावळला आलेल्याचं तर आणखी अवघड, कारण तो आपल्या ग्रेडमध्ये यादीच्या तळाला जातो. मागची नोकरी कितीही झालेली असो, घर जवळ आलं पण टर्न पुन्हा सुरू. विमान कंपनीतल्या नव्या को-पायलटलाही स्टँडबाय लागतो, पण तो सुरू कधी होणार आणि संपणार कधी हे त्याच्या रोस्टरवर असतं. गुड्सच्या टर्नला तेवढाही आधार नसतो.

आता वेळेचं गणित. हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या मूळ ठिकाणी, ८ तास किंवा जास्त ड्युटी करून आलेल्याला १६ तास विश्रांती, त्याहून कमी केली असेल तर १२. म्हणजे ८ तास भरून सकाळी ६ ला साइन-ऑफ केलं (ड्युटी संपवली) तर रात्री १० च्या आत ड्युटी नाही. पण १० नंतर? साडेदहाला असेल, पहाटे ३ ला असेल, दुसऱ्या दिवशी दुपारीही असेल. पुढे किती जण आहेत, किती गाड्या ऑर्डर झाल्यात, त्यावर सगळं अवलंबून. कॉल येतो साइन-ऑनच्या २ तास आधी. त्या दोन तासांत उठायचं, आंघोळ, बॅग, लॉबीपर्यंत (हजेरीच्या जागेपर्यंत) जाणं आणि डबा. घरचं माणूस रात्री दीडला उठून भाकरी थापत बसलं तर सकाळी मुलांच्या शाळेचं काय, हा भुसावळच्या कितीतरी घरांतला रोजचा प्रश्न आहे.

मेसमध्ये फोन केला की तीनच प्रश्न येतात. "कोणीकडे, भाऊ? साइन-ऑन किती वाजता? एक की दोन?" इगतपुरी, बडनेरा की खंडवा, हे विचारायचं कारण पुढे येईल. दोन म्हणजे एलपी (लोको पायलट) आणि एएलपी (त्याचा असिस्टंट) दोघांचा. जोडी कॉलच्या वेळीच ठरते, त्यामुळे दोघांपैकी एक जण दोघांचंही सांगतो. फोनपासून पन्नास मिनिटांत डबा तयार होतो. कॉल आल्या आल्या फोन केला तर लॉबीला जाता जाता आरामात घेता येतो. उशीर केला तर पंचाईत, कारण भाकरी थापून भाजायला वेळ लागतोच, आणि ती करून ठेवलेली नसते ही इथली चांगली गोष्ट आहे.

या डब्याची खरी परीक्षा लोकोच्या कॅबमध्ये होते. रनिंग ड्युटीत जेवणाची ठरलेली सुट्टी नाही. नियमाने ड्युटीची मर्यादा गाडी सुटल्यापासून ९ तासांची, साइन-ऑन ते साइन-ऑफ धरून ११. या वेळात जेवायचं कधी, तर मालगाडी लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) घेतली आणि मागून मेल सोडायची असेल तेव्हा. ते दहा मिनिटंही असतं, दीड तासही असतं, आणि कधी तो लूप साइन-ऑननंतर सातव्या तासाला मिळतो. गाडी चालू असताना दोघांनाही सिग्नलवरून नजर काढता येत नाही. वरून मे महिना, बाहेर ४५ अंशांच्या वर, कॅबमध्ये त्याहून जास्त. म्हणून डबा सांडणारा नको, आंबणारा नको, आणि अर्धा खाऊन झाकता येणारा हवा.

भाकरीचंच पाहा. ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेल्या कळण्याच्या पिठाची ही भाकरी नुसत्या ज्वारीपेक्षा जास्त वेळ मऊ राहते. पण तव्यावरून काढून तशीच डब्यात भरली की तिला घाम सुटतो, पाणी झाकणाला लागून खाली टपकतं आणि पाच तासांत भाकरी चिकट होऊन वास मारायला लागते. इथे भाकरी सुपात कोरड्या धोतराच्या कपड्यावर उभ्या लावून दहा मिनिटं निववतात, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. झाकणाखाली कागदाची घडी. एवढंच, पण हे दहा मिनिटांचं काम बाकीच्या खानावळी करत नाहीत, आणि त्यांचा डबा उन्हाळ्यात दुपारनंतर टाकून द्यावा लागतो.

सोबत काय, ते मोसमावर. हिवाळ्यात भरीत मिळतं, आणि ते खाण्यासारखं असतं. जळगावच्या भरताच्या हिरव्या-पांढऱ्या मोठ्या वांग्याचं, काड्यांवर भाजलेलं, बडगीत (कुटायच्या लाकडी भांड्यात) हिरवी मिरची-लसूण घालून कुटलेलं, वर भरपूर तेल आणि शेंगदाणे. कांद्याची पात मात्र वेगळ्या पुडीत देतात. मिसळून दिली तर तिला पाणी सुटतं आणि भरीत लवकर उतरतं. मार्चपासून जूनपर्यंत भरीत मागूनही देत नाहीत, हे बरोबरच आहे. त्या दिवसांत सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि गुळाचा खडा. शेवभाजी कधीही डब्यात घेऊ नका. रस्सा सांडतो, शेव भिजून लगदा होतो. तिथे बसून खायची असेल तर जरूर खा, तर्री चांगली असते.

आणि मग बट्टी. टर्नवाल्यांसाठी या मेसची सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. जाडसर गव्हाच्या पिठात थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मोहन. गोळे वाफवून, कापून, तळलेले. वरणाशिवाय, कोरडी बट्टी चटणीबरोबर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते आणि एका हाताने खाता येते. रात्री साडेअकरा ते पहाटे चार मेस बंद असते. त्या वेळात कॉल येईल असा अंदाज असेल तर संध्याकाळीच सहा बट्ट्या आणि चटणीची पुडी नेऊन ठेवायची. कॉल सकाळवर गेला तरी वाया जात नाही.

दिशा विचारतात ती शिध्यासाठी. पलीकडच्या रनिंग रूममध्ये (गाडीवरच्या लोकांच्या विश्रामगृहात) स्वयंपाकी असतो, आपला शिधा दिला की शिजवून देतो. मेस दोन मुठी तांदूळ, एक मूठ तुरीची डाळ, मीठ-हळद-तिखट, लसणाच्या चार पाकळ्या आणि तेलाची छोटी बाटली अशी पुडी २५ रुपयांत देते. आऊटस्टेशनला विश्रांती किती मिळेल आणि परतीची गाडी कधी लागेल हे जाताना सांगता येत नाही, म्हणून लांबच्या दिशेला दोन पुड्या सुचवतात. सुचवणी ऐकावी. परत 'स्पेअर' म्हणजे प्रवासी म्हणून आलात तर पुडी शिल्लक राहते, तीही बिघडत नाही.

पैशांची पद्धत हे या मेसचं मोठं बळ. महिन्याचा डबा लावला की न खाल्लेल्या दिवसांचेही पैसे जातात, आणि टर्नवरच्या माणसाचे असे दिवस भरपूर. इथे २० कुपनांचं पुस्तक १,७०० रुपयांना मिळतं, कुपनांना ठरलेली तारीख नाही, सहा महिन्यांत कधीही चालतात, सोबतच्या एएलपीलाही फाडून देता येतात. कॉल रद्द झाला आणि भाकरी तव्यावर पडायच्या आत कळवलं तर कुपन परत. लिंकवाल्याला यात फायदा नाही. त्याला रोज ठरल्या वेळी तोच डबा दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त दुसरीकडे मिळतो, आणि भाज्यांची विविधताही तिथे जास्त. इथे आठवड्यातून तीनदा बटाटा येतो. मांसाहारी काहीच नाही. दुपारी एक ते तीन फोन लागत नाही, हे मात्र सुधारायला हवं, कारण दुपारच्या मालगाड्यांचे कॉल नेमके तेव्हाच येतात.

खरी अडचण आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. सणाला रजेचे अर्ज वाढतात, लिंकमधले जागेवर नसले की खालचा माणूस वर चढवतात, आणि गुड्सचा टर्न एरवीपेक्षा लवकर फिरतो. ज्याला डबा सगळ्यात जास्त लागतो त्याच दोन दिवशी मेस बंद. काकूंकडेही माहेरवाशिणी येतात, त्यामुळे तक्रार करता येत नाही. आदल्या संध्याकाळी सातच्या आत सांगितलं तर दोन दिवसांच्या बट्ट्या आणि शिध्याच्या पुड्या बांधून देतात. त्यासाठी कुपन चालत नाही, रोख द्यावे लागतात.