ओली बंडी : एका उन्हाळ्याच्या वापरानंतर

बंडी म्हणजे बिनबाह्यांचं, पुढून बकलं लावायचं, पाण्यात भिजवून गणवेशावर घालायचं जॅकेट. पाकिटावर ‘कूलिंग व्हेस्ट’ असं छापलेलं असतं, आमच्यात सगळे तिला ओली बंडी म्हणतात. गेल्या सीझनला पदरचे पैसे घालून घेतली आणि जवळजवळ रोज अंगावर होती, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजते.

आधी मी उभी कुठे असते ते सांगते. पंख्याखाली बसून बंडी घालून बघितलेल्यांचे अभिप्राय मी घेण्यापूर्वी खूप वाचले, मला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. मी अम्युझमेंट पार्कात रोलर कोस्टरवर ऑपरेटर आहे, गेला उन्हाळा पाचवा. प्लॅटफॉर्मवर छप्पर आहे, पण पत्र्याचं. दुपारी दोननंतर ऊन त्याच्या खालून सरळ आत घुसतं. पायाखाली काळं रबरी मॅट. गाडी उन्हातून फिरून येते तेव्हा लॅप बारला, म्हणजे पाहुण्याला सीटवर धरून ठेवणाऱ्या मांडीवरच्या दांड्याला, हात लावला की चटका बसतो, म्हणून हातमोजे, म्हणजे तिथेही घाम. तासाला साधारण वीस गाड्या सुटतात आणि माझ्या बाजूला बारा सीटा. प्रत्येक बार वर ओढून बघायचा, खाली दाबायचा, पट्टा तपासायचा. तासाला दोनशे चाळीस वेळा वाकणं झालं. पाहुणे रांगेतून येतात, दोन मिनिटं वाऱ्यावर जातात आणि निघून जातात. वारा आमच्या वाट्याला फक्त गाडी शेजारून जाते तेवढाच.

आता बंडी. आत चौकोनी शिवणीचे कप्पे आहेत आणि कप्प्यात पाणी शोषून फुगणारे बारीक दाणे. पाच मिनिटं पाण्यात बुडवायची, हलक्या हाताने दाबून पाणी काढायचं, वरचं अस्तर पुसायचं, घालायची. सामान तोलायच्या काट्यावर मी वजन करून बघितलं: कोरडी ४५० ग्रॅम, भिजवल्यावर जवळजवळ १ किलो २०० ग्रॅम. म्हणजे पाऊण लिटर पाणी खांद्यावर. पहिल्या दिवशी जड वाटतं, चौथ्या दिवशी कळतही नाही.

गार कशाने होते, तर माठ ज्याने गार होतो त्यानेच. पाण्याची वाफ होताना दर ग्रॅममागे ५८० कॅलरीच्या आसपास उष्णता ते आजूबाजूकडून ओढून घेतं. त्यातली सगळी तुमच्या अंगातून जात नाही, बरीचशी हवेतूनही घेतली जाते, त्यामुळे पाकिटावरचे मोठमोठे आकडे निम्म्याने वाचावेत. पाकीट म्हणतं आठ तास. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी माझी बंडी अडीच तासांत सुकली. पण ते अडीच तास खरोखर बरे गेले. पाठीच्या कण्यावर आणि मानेखाली जो गारवा लागतो तो वेगळाच. पहिल्या दिवशी संध्याकाळी डोकं दुखत नव्हतं, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

दमट दिवशी मात्र ती कामाची नाही. हवेतच इतकी ओल असते की बंडीतलं पाणी उडायला तयार नसतं. ती दिवसभर ओली राहते आणि लोकांना वाटतं, वा, किती टिकली! पण सुकतेय म्हणून ती गार करते. जी सुकत नाही ती नुसती ओली गोधडी. घामाचंही तसंच आहे. अंगावरून ओघळून खाली पडला तो घाम फुकट गेला, अंगावरच उडाला तो कामी आला. दमट दिवशी मी बंडी घालायचं बंद केलं, उलट तिच्यामुळे गणवेशातून लागणारी थोडी हवाही अडते.

गेटवरच्या बोर्डावर तापमान दाखवतात, त्यावर विसंबू नका. ते नुसत्या सावलीतल्या हवेचं असतं, तिच्यातली ओल त्यात धरलेली नसते. उन्हात काम करणाऱ्यांसाठी वेगळं माप आहे, ते १९५०च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात रंगरूट उन्हाने कोसळायला लागले तेव्हा बसवलं गेलं. त्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्याला २० टक्के आणि ज्याच्या आकड्यावर सगळे बोलतात त्या साध्या थर्मामीटरला फक्त १० टक्के. हे कळल्यावर मला दोन उन्हाळ्यांचं कोडं सुटलं. बोर्डावर आकडा कमी असलेल्या ढगाळ, कोंदट दिवशीच आमच्यातलं कोणीतरी हमखास चक्कर येऊन खाली बसायचं.

तक्रारी. बंडी थेंबथेंब गळते. नीट दाबली नाही तर कंट्रोल पॅनलच्या बटणांवर पाणी, आणि रबरी मॅटवर पडलं तर उतरणारा पाहुणा घसरतो. पहिल्याच आठवड्यात मेंटेनन्सवाल्याने मला यावरून चांगलंच सुनावलं आणि त्याचं बरोबर होतं. बाजूला अॅडजस्ट करायचे पट्टे लोंबतात. हलत्या गाडीशेजारी अंगावर काहीही लोंबतं चालत नाही, ते मी दुमडून शिवून टाकले. चेनवाली घेऊ नका, धातूची चेन उन्हात तापते आणि गळ्याशी लागते. प्लास्टिकची बकलं बरी. आणि वास. तिसऱ्या आठवड्यापासून कप्प्यांना कुबट वास यायला लागला. रात्री पिशवीत कोंबून ठेवायची माझी सवय नडली. आता घरी गेल्या गेल्या साबणाच्या पाण्यातून काढते, उलटी करून सावलीत टांगते. वास गेला नाही, कमी झाला. निळा रंग पांढऱ्या गणवेशाला लागला तो लागलाच.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. गळ्यात अडकवायचा बॅटरीचा पंखा: सकाळी छान, दुपारी निरुपयोगी. कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली आणि अंगावर घाम नसला की पंखा तुम्हाला भट्टीचीच हवा घालतो. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा ४० अंशांच्या वर पंखा लावू नका म्हणते. वर त्याची बॅटरी मानेवर तापते ती वेगळीच. ओला टॉवेल: बंडीच्या निम्मा गुण, पण त्याला वास येत नाही, रंग जात नाही, पिळून पुन्हा भिजवायला अर्धं मिनिट लागतं. ज्यांना दर तासाला सुट्टी मिळते त्यांनी टॉवेल घ्यावा आणि बंडीचे पैसे वाचवावेत.

आमच्या अस्वलाचं प्रकरण निराळं. अस्वल म्हणजे मॅस्कॉट, जाड केसाळ पोशाखात मुलांबरोबर फोटो काढणारा आमचा पोरगा. त्याने माझी बंडी एकदा आत घालून बघितली आणि दहा मिनिटांत बाहेर आला, वाफेच्या पातेल्यात बसवल्यासारखा. पोशाखाच्या आत हवा हलतच नाही, तर पाणी उडणार कुठे? त्याच्यासाठी पॅकवाली बंडी. त्या पॅकमध्ये मेणासारखा पदार्थ असतो, २८ अंशांच्या आसपास वितळणारा. वितळताना तो अंगाची उष्णता घेतो, त्याला हवा लागत नाही. बर्फापेक्षा बरा, कारण बर्फ कातडीला टोचतो आणि पाणी सुटतं. दोन किलोच्या वर वजन, आणि वितळलेले पॅक पुन्हा घट्ट करायला गार पाण्याचं टब लागतं. पण त्याचा खरा बचाव ती बंडी नाही, त्याच्याबरोबर फिरणारी मुलगी आहे. ती हातात घड्याळ धरून असते आणि वीस मिनिटं झाली की फोटोची रांग कितीही असो, अस्वलाला दारामागे नेते. अस्वलाला आत बोलायचं नसतं, चक्कर येतेय हे सांगायला त्याने दोनदा पोटावर हात मारायचा, असं त्यांचं ठरलंय.

मला असं घड्याळ धरणारं कोणी नव्हतं, आणि बंडीची गोष्ट खरी इथे सुरू होते.

ऑपरेटर प्लॅटफॉर्म सोडून जाऊ शकत नाही. बदली माणूस आल्याशिवाय पाणी प्यायलाही नाही, बाथरूमला तर नाहीच. बदली एक आणि राईड पाच. त्यामुळे आम्ही बायका एक सोपा उपाय करायचो: पाणीच प्यायचं नाही. सकाळी दोन घोट, मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोरडं. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे, ती सांगते की उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक कप, म्हणजे पाव लिटरच्या जरा आत, पाणी पोटात जायला हवं, तहान लागायची वाट न बघता. हे मी आमच्यातल्या एकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आणि मग जायचं कुठे, ते लिहिलंय का?”

त्याच संस्थेच्या २०१६ सालच्या पुस्तिकेत आणखी एक गोष्ट आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा फक्त २० टक्के वेळ द्यावा, मग रोज २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. आमच्याकडे नवी मुलं सीझन उघडायच्या दिवशी येतात, म्हणजे सगळ्यात गर्दीच्या दिवशी, आणि थेट पूर्ण शिफ्ट. दुसऱ्या दिवशी एक जण हातात माईक असतानाच खाली बसला. “कृपया हात आत ठेवा” एवढं बोलला आणि बसला.

जुन्यांना होत नाही असंही नाही. चौथ्या उन्हाळ्यात, बंडी नव्हती तेव्हा, एका दुपारी मी माझी बाजू तपासली, अंगठा वर केला आणि गाडी सुटायची वाट बघत राहिले. गाडी सुटेना. समोरच्या बाजूचा माझा जोडीदार अंगठा वर करत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. मग त्याने बोट दाखवलं. सातव्या ओळीतला बार पूर्ण वर होता आणि त्यातली बाई हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघून हसत होती. मी तिच्या सीटशी वाकले होते, हे मला पक्कं आठवतं. बार दाबल्याचं आठवत नाही. दोघांचे अंगठे वर असल्याशिवाय बटण दाबायचं नाही हा नियम ज्याने केला त्याचं भलं होवो. मला तहान लागली नव्हती, चक्करही नव्हती, फक्त सगळं थोडं लांबून ऐकू येत होतं.

तर बंडी आणली. बदली मागताना आधी “पाणी पिऊन येते” म्हटलं की सुपरवायझर साहेब घड्याळ बघायचे. “बाथरूमला जाऊन येते” म्हटलं की इकडेतिकडे बघायचे. आता मी म्हणायला लागले, “साहेब, बंडी सुकली, भिजवून आणते.” लगेच बदली! उपकरणाची देखभाल म्हटल्यावर त्यांना पटतं. माणसाला पाणी लागतं यापेक्षा बंडीला पाणी लागतं हे त्यांना जास्त पटतं. पाच मिनिटं बंडी नळाखाली बादलीत, तेवढ्यात मी दोन कप पाणी पिते, बाथरूमला जाते, भिंतीच्या सावलीत टेकते. अडीच तासांत सुकणारी बंडी मी दीड तासातच सुकवायला शिकले. हळूहळू प्लॅटफॉर्मवरच्या चौघांनी बंड्या घेतल्या.

उलटाही अनुभव सांगायला हवा. आमच्याच ओळखीतल्या एका पार्कात मालकांनी सगळ्यांना बंड्या वाटल्या आणि दुपारची पंधरा मिनिटांची सुट्टी दहावर आणली, आता गार आहात ना म्हणून. बंडी अंगातलं गेलेलं पाणी भरून देत नाही आणि पायाला विश्रांती देत नाही. अशा ठिकाणी मी ती घेतली नसती.

वस्तू म्हणून पाचपैकी तीन. कोरड्या हवेत काम असेल तर साडेतीन.

मे संपता संपता साहेबांनी आमच्या सोयीसाठी भरलेली बादली कंट्रोल पॅनलच्या मागे, प्लॅटफॉर्मवरच आणून ठेवली. आता नळापर्यंत जायला नको, जागेवरच भिजवा. तीन दिवस आम्ही सगळे गप्प होतो. चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांना बोलावलं आणि बादलीत हात घालायला लावला. पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं कढत होतं. “साहेब, यात भिजवून काय गार होणार?” त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी बादली परत नळापाशी गेली.

गरम पाण्यात भिजवली तरी बंडी थोड्या वेळाने तितकीच गार होते. गार करते ती वाफ, पाणी नव्हे. हे कृपया कोणी त्यांना सांगू नका.