८ बाय ४२ दुर्बीण: मेहरूण तलावावर आठ महिने वापरल्यावर

ऑक्टोबरमध्ये घेतली, आता जून संपत आला. साडेनऊ हजाराला पडली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण तक्रारीपण लिहिणार आहे. वापर म्हणाल तर आठवड्यातून चार सकाळी जळगावचा मेहरूण तलाव, कधीमधी रविवारी हतनूर धरण, बस.

आधी १० पट वालीच घ्यायची डोक्यात होतं, जास्त पट म्हणजे जास्त भारी असं वाटायचं. दुकानाच्या दारात उभं राहून दोन्ही लावून पाहिल्या तर १० वालीत हात जरा हलला की समोरचा बोर्ड नाचायला लागायचा. शिवाय ४२ म्हणजे पुढच्या काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, तिला ८ पटीनं भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात, तेवढ्या जाडीचा उजेड डोळ्यात पोचतो, १० वालीत तोच ४.२ वर येतो. भर उन्हात हा फरक कळत नाही पण पहाटे सहाला पाणी अजून राखाडी असतं तेव्हा कळतो. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आठनंतर तलावावर थांबायची सोय नाही भो, पक्षीपण सावलीला जातात.

पहिले दोन आठवडे डोकं दुखायचं. मला वाटलं माल खराब निघाला. मग कळलं की उजव्या डोळ्याजवळ एक बारीक रिंग असते, ती आपल्या नंबरला जुळवून घ्यावी लागते. उजवी बाजू झाकायची, डाव्या डोळ्यानं लांबच्या पाटीवरची अक्षरं मधल्या चाकानं कोरीव करायची, मग डावी झाकून तीच अक्षरं फक्त त्या रिंगनं कोरीव करायची. एवढंच. दुकानदारानं पाऊच, पट्टा, कापड सगळं दाखवलं, हे सोडून. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत फिरवून बसवायचे, नाहीतर नळीतून पाहिल्यासारखं दिसतं.

आता तक्रारी. ती रिंग पिशवीत ठेवता-काढता आपोआप फिरते, शेवटी लाइटवाल्याकडची काळी टेप गुंडाळली. फेब्रुवारीत डावा कप ढिला झाला, सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणे पाठवा, जायचा-यायचा खर्च तुमचा. तेवढ्या पैशात माझी महिनाभराची भजी-चहा होते, नाही पाठवली. मेमध्ये गाडीच्या डिकीत एकदा राहिली, वरचं रबर चिकट झालं ते झालंच. पण काच अजून स्वच्छ आहे, परवाच्या पावसातसुद्धा आतून वाफ धरली नाही.

पण माझा खरा फायदा दुर्बिणीनं नाही झाला, नोंदीनं झाला. इबर्ड म्हणून पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट आहे, तिच्यावर यादी टाकतो, त्यात किती वेळ चाललो, किती किलोमीटर, आणि दिसलेले सगळे पक्षी लिहिलेत की निवडक, हे विचारतात. डिसेंबरमध्ये तलावाजवळच्या चिंचेवर एक घुबड दिसलं आणि मी बेधडक रानपिंगळा टाकला. आपल्या खान्देशाचा पक्षी ना! १८८४ नंतर कुणाला सापडला नव्हता, १९९७ मध्ये शहाद्याजवळ परत सापडला, हे लहानपणापासून ऐकलेलं, मग हात शिवशिवतात. दोन दिवसांनी तपासणाऱ्याचा नम्र मेसेज, डोक्यावर ठिपके होते का? दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिथंच बसलेला. दुर्बीण लावली तर डोकंभर बारीक पांढरे ठिपके, मोजून घ्या म्हणावं इतके. साधा ठिपकेवाला पिंगळा, घराघराच्या मागे असतो तो. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. गुपचूप यादी सुधारली.

त्यानंतर वेगळं काही शोधत बसायचं सोडलं. तोच काठ, तोच पाऊण तास, कावळे-साळुंक्यापण मोजायच्या. कंटाळवाणं वाटतं, पण जानेवारीत वारकरी (पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी) दीडशेच्या आसपास लिहिलेत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नऊ, मेमध्ये शून्य. मी आधीपण तिथंच फिरायचो, वारकरी गेलेले कधी जाणवलेच नव्हते.

गुरं घेऊन येणारे एक बाबा रोज विचारायचे, "काय देखी ऱ्हायना भाऊ?" एकदा दुर्बीण त्यांच्याच गळ्यात घातली. त्यांनी पहिल्यांदा पाण्याकडं नाही, पलीकडच्या बोरीकडं लावली, बोरं लागलीत का बघायला.

घ्यायची असेल तर घ्या, टेप वेगळी आणा. परवा सकाळी टिबुकलीच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांची दोन पिल्लं बसलेली दिसली, नुसत्या डोळ्यांनी तो पाण्यावरचा कचरा वाटला असता. तिनं बुडी मारली तशी दोन्ही वर तरंगत राहिली, यादीत टिबुकली तीन लिहिल्या.