अकरा महिने साल्व्हियासोबत: पाणी कमी लागतं, पण पहिल्या दिवसापासून नाही

कमी पाण्यावर येणारं, भरभरून फुलणारं झाड हवं म्हणून अकरा महिन्यांपूर्वी साल्व्हियाची (सेजची) पाच रोपं आणली: तीन ग्रेगी, एक फॅरिनेशिया, एक ल्युकॅन्था, या तिन्ही साल्व्हियाच्याच जाती. आज चार आहेत. गेलेल्या रोपाबद्दल आधी लिहिते, कारण जे काही शिकले ते त्याच्यापासून.

ती ग्रेगी कुंडीत होती आणि माती चिकट. दुपारी पानांनी माना टाकल्या की मी पाणी घालायचे. पानं मलूलच, म्हणून आणखी पाणी. दोन आठवड्यांनी उपटून पाहिलं तर मुळं काळी आणि मऊ, कुबट वास येत होता. तहानलेलं झाड आणि मुळकूज झालेलं झाड वरून सारखंच दिसतं, कारण कुजलेल्या मुळांना पाणी ओढताच येत नाही. आता मी ऊन उतरेपर्यंत थांबते. संध्याकाळी पानं सावरली तर काही करायचं नाही. नाही सावरली तर बोट दोन पेरं मातीत घालायचं, आणि कोरडं लागलं तरच पाणी.

दुष्काळ सोसण्याची ताकद या झाडात मुळं खोल उतरल्यावर येते. पहिले तीन महिने मी आठवड्यातून दोनदा आळं भरून पाणी दिलं, मग हळूहळू अंतर वाढवलं. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच्याच थरात पसरतात आणि पहिल्या कडक उन्हात झाड हरतं. आता जमिनीतल्या रोपांना भर उन्हाळ्यातही दहा-बारा दिवसांनी एकदाच पाणी देते. कुंडीला हा हिशेब लावू नका. तिथे माती मोजकीच असते, माझ्या कुंडीला तीन-चार दिवसांनी पाणी लागतंच.

माती बदलली तो सगळ्यात चांगला निर्णय. निम्मी बागेची माती, उरलेल्यात जाड वाळू आणि बारीक खडी, कंपोस्ट फक्त दोन मुठी. वाफा वीतभर उंच केला. सलग पावसाच्या दिवसांत जमिनीतली रोपं वाचली ती त्या उंचीमुळेच, असं मला वाटतं. खोडाजवळ पालापाचोळ्याचं आच्छादन नको, तिथे ओल धरते. मी खडी पसरली आहे.

खताचा मोह आवरा. एकदा नत्राचं खत जरा सढळ हाताने दिलं, तर हिरवागार पाला आला, फुलं रोडावली आणि लुसलुशीत फांद्या पहिल्याच वाऱ्यात मोडल्या. ऊन मात्र सहा तास तरी हवंच.

छाटणीची भीती वाटायची. आता फुलांचा एक बहर सरला की ग्रेगी एक-तृतीयांश छाटते, कोवळ्या पानांच्या जोडीच्या जरा वर. साधारण महिनाभरात पुन्हा कळ्या येतात. खालच्या जून लाकडापर्यंत कापू नका, तिथून फुटवा येईलच असं नाही. छाटलेल्या शेंड्यांच्या बोटभर काड्या, पेराच्या खाली कापून आणि खालची पानं काढून, वाळूत खोचल्या. आठपैकी पाच जगल्या.

फॅरिनेशियाच्या दांड्यांवर पांढरी पिठासारखी लव असते. मी ती भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग) समजून फवारणीच्या तयारीत होते. नावातच पीठ आहे (लॅटिनमध्ये फॅरिना म्हणजे पीठ), ही त्याची मूळ ठेवणच. खरी भुरी पानावर डाग धरून पसरते. रोग-किडीत मला त्रास झाला तो पांढऱ्या माशीचा, तोही रोपं दाटीने ठेवलेल्या कोपऱ्यात. अंतर वाढवल्यावर कमी झाला.

आणि मधमाश्या! साल्व्हियाच्या पुष्कळ जातींच्या फुलात पुंकेसरांची तरफ असते. मधमाशी मधासाठी आत डोकं घालते, तरफ दबते आणि परागकण नेमके तिच्या पाठीवर टेकतात. फुलाजवळ पाच मिनिटं बसून हे बघाच. तुळशीच्याच कुळातलं झाड, चौकोनी दांडा आणि समोरासमोर पानं तशीच.

विकत घेताना जात नीट विचारा. लालभडक स्प्लेन्डेन्सही साल्व्हियाच, पण ते मूळचं ब्राझीलचं आणि त्याला पाणी नियमित लागतं. ग्रेगी आणि फॅरिनेशिया टेक्सास-मेक्सिकोकडची, कोरड्याला सरावलेली. ल्युकॅन्थाला मीटरभर जागा मोकळी ठेवा. दिवस लहान होईपर्यंत माझ्याकडे तिचा नुसता पाला होता, मी निराश झाले होते. मग जांभळ्या मखमली तुऱ्यांतून पांढरी फुलं डोकावली, आणि आता ती काढायचा विचारही मनात येत नाही.